केसाएवढी फट

आमच्या सोसायटीत माझ्या माहितीप्रमाणे अकरा गिटारी आहेत. त्यांतल्या तीन वाजतात. बाकीच्या आठ कपाटांवर, दिवाणांखाली पडून आहेत. एक तर पाण्याच्या टाकीच्या खोलीत क्रिकेटच्या स्टंपांना टेकून उभी आहे. ही शिरगणती मी मुद्दाम केलेली नाही. शनिवारी संध्याकाळी लोक आपापली गिटार घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा ती आपोआप होत गेली. मी गिटारीचा शिक्षक नाही, दुकानदार नाही, वाजवणारा म्हणूनही बेताचाच. माझ्याकडे आहे एक सहा इंची पोलादी पट्टी, बारीक कानशी, पॉलिश पेपरचे तीन नंबर आणि मिरजेत शिकलेली एक गोष्ट.

येणारा माणूस गिटारीच्या आधी बोटं दाखवतो. दहावीतली मुलगी म्हणते, ‘‘काका, माझी बोटं लहान आहेत हो.’’ तिच्या बाबांच्या मते त्यांची स्वतःची जाड आहेत, एका तारेवर ठेवलं की शेजारचीही दबते. बी विंगमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांना वयाचा संशय. एका आयटीवाल्याने मला मनगटाचा एक्स-रे दाखवला होता, खोटं नाही. या सगळ्यात ती पाच-सहा हजारांची, खोक्यातून घरपोच आलेली गिटार कोपऱ्यात गप्प उभी असते. तिच्यावर कोणाचा संशयच जात नाही.

मी पट्टी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, उभी धरतो. तारेची लांबी तिथे बरोबर निम्मी होते. तार आणि फ्रेट यांच्यात दोन-अडीच मिलिमीटर अंतर असावं, पण निघतात साडेचार, कधी पाच. मग तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटकडे डोळा लावायचा. तिथे केसाएवढी फट दिसली पाहिजे. आमच्याकडे आलेल्या गिटारींत तिथून पोस्टकार्ड आरपार गेलेलं आहे.

ज्यांनी गिटार धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिकणाऱ्याच्या वाटेवर एफ नावाच्या कॉर्डचा एक घाट लागतो. पहिल्या आठवड्यात ई मायनर जमतो, मग जी, सी, डी. घरच्यांना एखाद्या गाण्याचा सुगावा लागू लागतो. आणि मग एफ येतो. तर्जनी आडवी पाडून पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचा कारभार करायचा. हा पहिला फ्रेट नटाच्या अगदी शेजारी असतो. नट म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली, सहा खाचांची पांढरी पट्टी. कपडे वाळत घालायची दोरी मध्यावर दोन बोटांनी सहज खाली जाते. तीच खिळ्याजवळ दाबून पाहा. खाच उथळ असेल तर तार उंचावर ताणलेली राहते आणि आपण खिळ्याजवळ दोरी दाबत बसतो. सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोंच्या आसपास असते. लहान बोटांचा, जाड बोटांचा किंवा मनगटाचा इथे काय संबंध?

पण हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं. १९९६ साली मी सांगलीत हॉस्टेलवर होतो. लकी अलीचं ‘ओ सनम’ त्याच वर्षी आलं आणि दर मजल्यावर एकाला तरी गिटारीची बाधा झाली. माझी साडेबाराशेची. कलकत्त्याहून आलेली, कडेला काळी आणि मध्ये तांबूस होत गेलेली, तोंड जवळ नेलं की पॉलिशचा वास. दुकानदाराने सहा तारांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘‘आवाज बघा.’’ आवाज चांगलाच होता. मोकळ्या तारांचा आवाज कुठल्याही गिटारीत चांगलाच येतो. फसगत बोट ठेवल्यावर सुरू होते, आणि दुकानात बोट ठेवायला मला येत कुठे होतं!

सहा महिने मी एफ दाबला. आवाज यायचा तो उशीवर काठी मारल्यासारखा. वरच्या मजल्यावरचा एक सीनियर म्हणायचा, ‘‘आधी बोटं मरू देत, मग संगीत.’’ बोटं मारण्याचे हॉस्टेलमध्ये नाना उपाय होते. तुरटीच्या पाण्यात बुडवणं हा सभ्य. फेविक्विकचा थेंब बोटाच्या पेरावर वाळवून त्याचं चिलखत करणं हा जहाल. मी दोन्ही केले. घट्टे पडले, सोलून निघाले, पुन्हा पडले. एफ पडला तिथेच राहिला. शेवटी माझ्याच हाताला संगीत नाही असा निकाल लावून मी गिटार कपाटावर टाकली. निकाल मान्य करताना थोडं हलकंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

माझी आत्या गाणं शिकायची. तिच्या तंबोऱ्याची जवारी उतरली की तो मिरजेला न्यायचा, आणि नेणारा हमाल म्हणजे मी. त्या दिवशी हॉस्टेल सोडून घरी जायचं होतं, म्हणून एका खांद्याला गिटारही होती. एसटीत तंबोऱ्याला खिडकी मिळाली आणि मी उभा. सांगली-मिरज अंतर ते किती, पण कंडक्टर तंबोऱ्याकडे बघून आत्याला म्हणाला, ‘‘ह्यांचं तिकीट?’’

मिरजेतल्या वाद्य-कारागिरांच्या गल्लीत शिरलं की रंध्याचा आणि लाखेचा वास येतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दारात टांगलेले असतात, आत कोणीतरी तुणीच्या लाकडावर वाकलेलं असतं. इथले कारागीर मूळचे शिकलगार. हत्यारांना धार देणारे हात एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण कामाचं हत्यार बदललं नाही. कानस तीच राहिली.

आत्याच्या ओळखीचे कारागीर होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. घोडीवरची तार जराशी उचलायची, घोडीच्या पाठीवरून कानस दोनदा फिरवायची, तार सोडायची, ऐकायचं. पुन्हा. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती किंचित उतरती असते आणि थरथरणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते. तंबोऱ्याचा तो भरलेला, मधमाश्यांसारखा आवाज, म्हणजेच जवारी, त्या घासण्यातून येतो. किती घासू द्यायचं, हे मोजायला पट्टी नाही. चाचा मोजत होते कानाने. तासाभराने तंबोरा बोलायला लागला आणि आत्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात चाचांचं लक्ष माझ्या खांद्याकडे गेलं.

‘‘ते काय हाय?’’

‘‘गिटार. पण मला येत नाही, चाचा. हात नाही माझा.’’

त्यांनी पिशवीतून ती काढली. छेडली नाही. मानेच्या टोकाला डोळा लावून बंदुकीचा नेम धरल्यासारखी पाहिली. मग एक बोट पहिल्या फ्रेटवर ठेवलं, दाबलं आणि हात झटकला. सतारीवर तार खेचून मींड काढणारं, पन्नास वर्षं तारा दाबलेलं बोट ते.

‘‘तुझा हात ऱ्हाऊ दे बाजूला. ही अर्धीच केलीया,’’ ते म्हणाले. ‘‘कारखान्यातनं निघाली, पण वाद्य व्हायची ऱ्हायली.’’

गिटार त्यांनी आयुष्यात दुरुस्त केली नव्हती. तसं म्हणालेही. पण तार कुठून निघते, कुठे बसते आणि मध्ये बोटाला किती वाट द्यावी लागते, एवढं पाहायला गिटार माहीत असावी लागत नाही. त्यांनी तारा सैल केल्या. घोडीवरची प्लॅस्टिकची पट्टी, जिला सॅडल म्हणतात, ती उपसून बाजूला टाकली आणि तंबोऱ्याच्या घोडीसाठी आणलेल्या हाडाचा एक तुकडा घेतला. इथे त्यांनी मला जो हिशेब दाखवला, तो मी आज शनिवारी वापरतो. बारावा फ्रेट मध्यावर. तिथे तार एक मिलिमीटर खाली आणायची तर घोडीपाशी दोन मिलिमीटर काढावे लागतात. खालून घासायचं, वरची गोलाई बिघडू द्यायची नाही. मग नटाच्या खाचा. कानशीचे दोन हात, तार बसव, दाब, बघ, पुन्हा काढ. खाच मागच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे तार पुढच्या कडेवरून स्वच्छ सुटते. घाई नाही. मध्ये एकदा चहा आला.

एक गंमत सांगायची राहिली. हाडाची पट्टी पहिल्यांदा बसवली तेव्हा सवयीने त्यांच्या हातून तिची पाठ थोडी रुंद आणि उतरती झाली होती. त्यांनी जाड तार छेडली आणि गिटारीतून चक्क तंबोरा निघाला. झणझणीत, लांबलेला षड्‌ज. आत्या खळखळून हसली. चाचा काही न बोलता दोन-तीनदा ऐकत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं. ठेवू का, असं विचारणारा तो चेहरा मला अजून दिसतो. जी झणझण तंबोऱ्याचा प्राण, तीच गिटारीत दोष. मी नको म्हणालो. अठरा वर्षांच्या मुलाला ‘ओ सनम’ वाजवायचं होतं. आज विचारलं असतं तर हो म्हणालो असतो.

त्यांनी पट्टीची कड धारदार केली, तारा सुरात आणल्या आणि गिटार माझ्या हातात दिली. मी एफ धरला. सहाच्या सहा तारा वाजल्या. एफ एवढाच होता तर! सहा महिने आणि डाव्या हाताच्या चार बोटांची कातडी मी कशावर खर्च केली होती, याचा मला तिथे बसल्या बसल्या राग आला. चाचांनी वीस रुपये घेतले आणि मोडकी प्लॅस्टिकची पट्टी मला परत दिली. ‘‘ठेव. बिघडलं तर माप असू दे.’’ ती अजून माझ्या कानशींच्या डब्यात आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हा मी उठून माझ्या गिटारीतल्या त्या तीन इंची हाडावरून बोट फिरवलं.

स्वस्त गिटारीत काय कमी असतं, याचं उत्तर लोक लाकडात शोधतात. मला ते तिथे सापडत नाही. सगळ्यांत कठीण हिशेब फ्रेटच्या जागांचा. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवायचे; १५८१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी पडदे बांधायला अठरास सतरा हे प्रमाण सांगितलं. दर पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा हिस्सा कमी करत जायचं. आज त्याहून नेमका आकडा घेऊन यंत्र ते काम करतं, आणि पाच हजारांच्या गिटारीतही चोख करतं. बिनसतं ते शेवटच्या एका तासात, जो माणसाच्या हाताने आणि कानाने घालवायचा असतो. तो तास किमतीत बसत नाही. शिवाय कारखान्याच्या बाजूने विचार करा. नटाची खाच जास्त खोल गेली तर तार खरखरते आणि गिऱ्हाईक गिटार परत पाठवतं. खाच उथळ राहिली तर गिऱ्हाईक स्वतःची बोटं पाहतं. कुठली चूक परवडेल?

आणि गंमत म्हणजे उंच तारेने गॅलिलींचं गणितही फुकट जातं. तार जितकी खाली दाबावी लागते तितकी ती ताणली जाते आणि सूर चढतो. जागा बरोबर, सूर चूक. मग कान असलेल्या माणसालाच जास्त त्रास. दहावीतली ती मुलगी पेटीवर गाणं शिकलेली. ती म्हणायची, ‘‘काका, मी वाजवते ते खोटं वाटतं.’’ तिचा कान खरा होता. खाचा उतरवल्यावर पंधरा मिनिटांत ती एफवरून सीवर जाऊ लागली आणि बोटांच्या लांबीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिची मैत्रीण डावखुरी. डावखुऱ्यांची गिटार दुकानात सहसा नसते, असली तर महाग. मी तारा उलट्या चढवून देतो म्हणालो आणि मग तिला एलिझाबेथ कॉटनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय मुलगी, लहानपणी लोकांच्या घरी काम करायची. साठवलेल्या पैशांतून तिने पावणेचार डॉलरची स्टेला गिटार घेतली. ती उजव्या हाताची. कॉटनने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे खर्ज बोटांवर आला आणि चाल अंगठ्यावर. पुढे कितीतरी वर्षं तिने गिटार सोडली होती. लोकगायक पीट सीगर यांच्या वडिलांच्या घरी ती कामाला लागली, तिथे भिंतीवरची गिटार काढून वाजवू लागली तेव्हा घरातल्यांना कळलं. १९८५ मध्ये, नव्वदीच्या घरात, तिला ग्रॅमी मिळालं. मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग माझ्या तारा उलट्या करायच्या की नाही?’’ केल्या.

एक्स-रेवाल्या आयटीवाल्याने मधल्या काळात साठ हजारांची गिटार घेतली. अखंड स्प्रूसच्या लाकडाची, खरोखर सुंदर. जूनमध्ये ती घेऊन तो रत्नागिरीला घरी गेला आणि ऑगस्टात परत आला तो फुगलेलं पोट घेऊन. गिटारीचं म्हणतोय मी. कोकणातल्या दमटपणाने अखंड लाकूड पाणी पितं, घोडीसकट पुढची फळी वर येते आणि तारा आकाशाला लागतात. त्याच घरात त्याच्या चुलतभावाची प्लायवूडची, चार हजारांची गिटार सात पावसाळे भिंतीवर टांगलेली आहे आणि तिला काहीही झालेलं नाही. प्लायचे थर उभेआडवे चिकटवलेले असतात. आवाज थोडा बंद येतो, पण एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही. जॉन लेननची सुरुवातीची गिटार दक्षिण आफ्रिकेत बनलेली, टपालाने मागवायची गॅलोटोन चॅम्पियन होती. आत चिठ्ठी चिकटवलेली: तडकणार नाही याची हमी. सुराची हमी नव्हती, लक्षात घ्या. १९५७च्या जुलैत लिव्हरपूलजवळच्या एका चर्चच्या जत्रेत तो तीच वाजवत होता, आणि पॉल मॅकार्टनीची नि त्याची पहिली भेट त्याच दिवशी झाली. वुडस्टॉकला, १९६९ मध्ये, कंट्री जो मॅकडोनल्ड मंचावर गेला तो उसनी यामाहा घेऊन, पट्ट्याच्या जागी सुतळीचा तुकडा बांधून. हे ऐकून आयटीवाला म्हणाला, ‘‘म्हणजे माझे साठ हजार पाण्यात.’’ मी म्हटलं, पाणी गिटारीत गेलंय. कोरड्या हवेत ठेव, उतरेल. बरंचसं उतरलं.

सगळ्याच गिटारी सुधारत नाहीत. बँकेतल्या काकांची मानच पुढे वाकली होती. आत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ करायची लोखंडी सळई असते, ती एकतर नव्हती किंवा नावापुरती होती. बाराव्या फ्रेटवर सात मिलिमीटर. कानशीने होणारं ते काम नव्हतं. काका म्हणाले, ‘‘असू दे रे. माझंच वय झालं.’’ पुन्हा तेच! मी गिटार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. सात मिलिमीटर हा स्पॅनिश गिटारीचा रोग आहे, हवाईयन गिटारीची ती गरज आहे, कारण तिथे बोट फ्रेटवर दाबायचंच नसतं; तारेवरून पोलादी कांडी सरकवायची असते. टाऊ मो नावाचे हवाईयन कलावंत चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवून गेले. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार अशीच मांडीवर घेऊन तिच्यातून राग काढले; शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७ची. काकांकडे तिची तबकडी होतीच. नट मी उलट आणखी उंच केला, कांडी म्हणून स्पॅनरच्या सेटमधला एक लांब सॉकेट दिला. आठवड्याने ते जिन्यात भेटले. भूपातले पाच स्वर सापडलेत म्हणाले, मींड बरी येते. मग इकडेतिकडे पाहून हळूच, ‘‘पण आता सबब राहिली नाही ना रे.’’

मला ते फार आत लागलं. मिरजेहून परत आल्यावर माझंही तेच झालं होतं. दोन वर्षं नेटाने वाजवलं आणि कळलं की हात खरंच बेताचाच आहे. लय सुटते, डोकं पुढे धावतं. तोवर हे कळायची सोयच नव्हती.

आता आमच्या गेटवरच्या गोष्टीकडे येतो. रात्रपाळीचा वॉचमन दार्जिलिंगकडचा आहे. त्याची गिटार कुठल्याशा शहरात सेकंडहँड घेतलेली, रंग उडालेला, एक खुंटी पकडीने फिरवायची. रात्री बाराच्या पुढे तो तारांखाली टॉवेल कोंबून वाजवतो म्हणजे कोणाची झोप मोडू नये. मी एकदा दूध विसरलो म्हणून खाली गेलो आणि दूध विसरून उभा राहिलो. त्या टॉवेलातूनही कळत होतं. एफ, बी मायनर, पुन्हा एफ. हात बघायचाही नाही, नजर रस्त्यावर. मी पट्टी आणून मोजलं. पाच मिलिमीटर. पहिल्या फ्रेटवर पोस्टकार्डच काय, आधार कार्ड गेलं असतं.

माझ्यातला मिरजकर जागा झाला. वॉचमनचा विरोध होता. ‘‘साब, आदत है.’’ पण मी सोसायटीचा सेक्रेटरीही आहे, त्यामुळे फार नाही म्हणता आलं नाही त्याला. हे मला नंतर उमगलं. रविवारी दुपारी बसून मी सहाही खाचा उतरवल्या. केसाएवढी फट, मापात. त्याने छेडून पाहिली, थँक यू म्हणाला.

मंगळवारी रात्री अकराला बेल वाजली. तो दारात, गिटार हातात, अवघडलेला.

‘‘साब, हाथ फिसलता है. मेरा हाथ जहाँ रुकता था, वहाँ अब कुछ है ही नहीं. थोड़ा ऊपर कर दीजिए ना.’’

काढलेलं परत घालता येत नाही, असं चाचा म्हणायचे. त्यांना फेविक्विक माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा घेतला, डब्यातून फेविक्विकची ट्यूब काढली आणि आम्ही दोघं गेटवरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. खाचेत चिमूटभर सोडा, वर एक थेंब. क्षणात दगड होतो. तो टॉर्च धरून होता. एकेक खाच मी भरत होतो, तो तार बसवून, दाबून बघत होता आणि प्रत्येक वेळी मान हलवत होता.

‘‘थोड़ा और, साब.’’